ईएसआयसीचा बेरोजगारी भत्ता : मालकाने 'नोकरी सोडली' अशी नोंद केली आहे, दावा अडकला आहे

थोरली (14 सप्टेंबर 2024)

नमस्कार. हा प्रश्न मी माझ्या धाकट्या भावाच्या वतीने विचारत आहे. तो इंदूरच्या सांवेर रोड औद्योगिक क्षेत्रातील, पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात सहा वर्षांहून अधिक काळ मशीन ऑपरेटर होता. पगार महिना 16,000 रुपये. त्यातून दरमहा 120 रुपये ईएसआयसीचे, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे, म्हणून कापले जात होते आणि पगाराच्या प्रत्येक चिठ्ठीवर ती कपात छापलेली आहे. एप्रिल 2024 च्या अखेरीस मालकांनी एक लाइन बंद केली आणि त्या लाइनवरील सर्वांना उद्यापासून येऊ नका, असे सुपरवायझरकरवी सांगितले. लेखी सूचना कोणालाच मिळाली नाही. शेवटच्या महिन्याचा पगार देताना एका पावतीवर सही घेतली. तिच्यावर 'हिशेब मिळाला' एवढाच मजकूर आहे. भावाने राजीनामा लिहून दिलेला नाही.

जूनमध्ये त्याने अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेखाली बेरोजगारी भत्त्याचा ऑनलाइन दावा भरला आणि सही केलेली प्रत, आधार आणि पासबुकाचे पहिले पान शाखा कार्यालयात दिले. बरेच दिवस काहीच कळले नाही. आता तोंडी सांगण्यात आले आहे की, नोंदीत 'नोकरी सोडली' असे दिसते, शिवाय अंशदानाचे (विम्याच्या वर्गणीचे) दिवसही पुरे भरत नाहीत, त्यामुळे दावा पुढे जाणार नाही. आम्ही त्याच्या विमाधारक लॉगिनमध्ये पाहिले तेव्हा लक्षात आले की, नोव्हेंबर 2023 पर्यंतचेच अंशदान जमा आहे. डिसेंबरमध्ये शून्य दिवस दाखवून नोकरी सोडल्याचे कारण नोंदवले आहे आणि त्यापुढे त्याचे नावच नाही. प्रत्यक्षात तो एप्रिलच्या शेवटच्या दिवसापर्यंत कामावर होता आणि कपातही सुरू होती.

ही नोंद बदलून घेता येते का? नकार लेखी मिळत नसेल तर दाद कोणाकडे मागावी? मालकांना विनवणी करून झाली आहे, ते फोन उचलत नाहीत.

मालवीमराठी (14 सप्टेंबर)

ताई, एक व्यवहारी मार्ग सुचवतो. नोंदीत डिसेंबर ही तारीख आहे तर तीच मान्य करावी आणि दाव्यात बेकारीची तारीख 1 डिसेंबर 2023 लिहावी. मग आधीच्या सहामाहीतील दिवस पूर्ण भरतील आणि दिवस कमी असल्याचा मुद्दा निकालात निघेल. शिवाय राज्य सरकारची सीखो-कमाओ योजना आहे, तिथून महिन्याला आठ-दहा हजार मिळतात. तिकडेही अर्ज करून ठेवावा.

पगारपत्रक (15 सप्टेंबर)

मी पीथमपूरच्या दोन कारखान्यांत पगारपत्रकाचे काम केले असून ईएसआयसीचे मासिक विवरण वर्षानुवर्षे भरले आहे. त्या अनुभवावरून सांगतो की वरील दोन्ही सल्ले आपण मानू नयेत.

सीखो-कमाओ ही प्रशिक्षणाची योजना आहे. तिची वयोमर्यादा 18 ते 29 आहे आणि विद्यावेतन शिक्षणानुसार 8,000 ते 10,000 आहे. नोकरी गेलेल्या अनुभवी कामगाराला भरपाई देणे हा तिचा हेतू नाही. तारखेचा सल्ला मात्र केवळ निरुपयोगी नाही, तो घातक आहे. डिसेंबर ही तारीख आपण स्वतःच्या सहीने मान्य केली की डिसेंबर ते एप्रिल हे पाच महिने भाऊ कामावर नव्हता असे आपणच लिहून दिल्यासारखे होईल. नोकरी सोडल्याचे कारण तर तसेच राहील आणि दावा त्याच कारणाने पुन्हा अडेल. खोटी तारीख लिहिल्याची जोखीम वेगळीच. कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या कलम 84 खाली खोट्या विधानाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे, आणि या योजनेतून त्या कलमाखाली शिक्षा झालेला माणूस बाद होतो.

आता नोंद कशी होते ते सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. मालक दर महिन्याला प्रत्येक विमाधारकापुढे कामाचे दिवस आणि वेतन भरतो आणि पुढील महिन्याच्या 15 तारखेपर्यंत पैसे जमा करतो. एखाद्यापुढे दिवस शून्य असतील तर संगणक कारण विचारतो. यादीत रजा, 'लेफ्ट सर्व्हिस' (नोकरी सोडली), निवृत्ती, मृत्यू, संप किंवा टाळेबंदी, 'रिट्रेंचमेंट' (कामगार कपात), 'नो वर्क' अशी ठरावीक कारणे असतात. पगारपत्रक करणारा कारकून बहुतेक वेळा विचार न करता 'लेफ्ट सर्व्हिस' निवडतो, कारण त्याने पुढचे प्रश्न उद्भवत नाहीत. 'रिट्रेंचमेंट' निवडले की कामगार कपात केली असे मालकाने स्वतःच कबूल केल्यासारखे होते आणि भरपाईचा विषय निघतो. आपल्या बाबतीत तर ही निवड अनवधानाची वाटत नाही. लाइन बंद करायची आहे हे आधी ठरवून त्या लाइनवरील माणसे पाच महिने आधीच विवरणातून वगळली, पण कपात चालू ठेवली, असा याचा अर्थ दिसतो. त्या लाइनवरील आणखी दोघातिघांचे लॉगिन उघडून पाहा. सर्वांपुढे तोच महिना आणि तेच कारण असेल तर तो फार मोठा पुरावा आहे.

दिवसांचे गणितही समजून घ्या. अंशदानाच्या दोन सहामाह्या असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. बेकारीच्या लगेच आधीच्या सहामाहीत किमान 78 दिवसांचे अंशदान लागते, त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी एकीत तितकेच लागते, आणि एकूण नोकरी किमान दोन वर्षांची असावी लागते. 1 मेपासून बेकारी धरली तर लगेच आधीची सहामाही ऑक्टोबर ते मार्च ठरते. तिच्यात नोंदीवर फक्त ऑक्टोबर आणि नोव्हेंबर आहेत, म्हणजे महिन्याला 26 धरले तर 52 दिवस. कार्यालय दिवस कमी म्हणते ते यामुळे. पण योजनेची अट मालकाने अंशदान भरलेले असावे एवढीच नाही, ते भरण्याची जबाबदारी त्याच्यावर होती हेही तिच्यात पुरेसे मानले आहे. डिसेंबर ते मार्च हे महिने याच दुसऱ्या अटीत बसतात आणि ते सिद्ध करायला आपल्याकडे पगाराच्या चिठ्ठ्या आहेत.

रकमेतही फरक पडतो. मागील चार सहामाह्यांतील एकूण वेतनाला 730 ने भागून रोजची सरासरी काढतात आणि तिच्या 50 टक्के रक्कम कमाल 90 दिवस मिळते, तीही आयुष्यात एकदाच. 2018 साली योजना सुरू झाली तेव्हा हा दर 25 टक्के होता, करोनाच्या काळात तो दुप्पट झाला. दोन वर्षे पगार 16,000 च होता असे धरले तर एकूण 3,84,000, रोजचे सुमारे 526, निम्मे 263, आणि 90 दिवसांचे सुमारे 23,670 रुपये. बुडवलेले चार महिने वगळून मोजले तर हाच आकडा 19,725 च्या आसपास येतो. म्हणजे दिवसांची अडचण कशीबशी सुटली तरी नोंद दुरुस्त न करता दावा मंजूर करून घेण्यात तोटाच आहे.

एक बारीक गोष्ट राहिली. आपल्या लोकांत मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे असते, इथल्या कारखान्यांत ते बहुधा गाळतात आणि आधारवर ते असते. विमा नोंद, आधार आणि बँक खाते या तिन्ही ठिकाणी नाव एकसारखे आहे ना, हे आजच तपासा. पैसे थेट विमाधारकाच्या खात्यातच जातात.

कोर्टकचेरी (16 सप्टेंबर)

पगारपत्रक यांनी नोंदीचे अंग नेमके मांडले आहे. मी कामगार प्रकरणे चालवतो, त्यामुळे पुढची बाजू लिहितो.

तोंडी नकाराला काहीही किंमत नाही, कारण त्यावर अपील करता येत नाही. म्हणून प्रथम शाखा व्यवस्थापकांच्या नावे एक अर्ज द्यावा आणि प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. त्यात दाव्याचा क्रमांक, तारीख आणि आजवर लेखी निर्णय मिळालेला नाही हे लिहून, दावा मंजूर होत नसल्यास कारणांसह लेखी आदेश द्यावा अशी मागणी करावी. याच अर्जात विमा कायद्याच्या कलम 68 चा उल्लेख अवश्य करावा. मालकाने अंशदान भरायला हवे होते पण भरले नाही आणि त्यामुळे कामगाराचा लाभ बुडतो किंवा कमी होतो, अशा स्थितीत महामंडळ स्वतः कामगाराला पूर्ण दराने लाभ देऊ शकते आणि नंतर ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते, असे ते कलम सांगते. मालकाने पैसे भरल्याशिवाय आम्ही काही करू शकत नाही, असे खिडकीवर ऐकू आले तर त्याला हे उत्तर आहे. अर्जासोबत डिसेंबर ते एप्रिलच्या चिठ्ठ्या, पगार जमा झाल्याचे बँक विवरण आणि भविष्य निर्वाह निधीचे पासबुक जोडावे. निधीच्या पासबुकात त्याच पाच महिन्यांचे पैसे दिसत असतील तर मालकाची दोन विवरणे परस्परविरोधी ठरतात, आणि तसे झाले तर याहून चांगला पुरावा मिळणे कठीण आहे.

दुसरी तक्रार वेगळ्या कागदावर आणि वेगळ्या ठिकाणी करावी. कपात करूनही अंशदान भरले नाही, ही तक्रार प्रादेशिक संचालकांकडे द्यावी. मध्य प्रदेशाचे प्रादेशिक कार्यालय इंदुरातच नंदानगरला आहे, ही आपली सोय. कामगाराच्या वेतनातून कापलेली रक्कम कायद्याने मालकाकडे विश्वासाने ठेवलेली मानली जाते आणि ती न भरणे हा फौजदारी विश्वासघात ठरू शकतो. या तक्रारीवरून सामाजिक सुरक्षा अधिकारी कारखान्याची हजेरीपुस्तके आणि वेतनपत्रके तपासू शकतो आणि महामंडळ कलम 45अ खाली थकीत रक्कम ठरवू शकते. थकबाकीवर 12 टक्के व्याज लागते. माझा अनुभव असा की, तपासणीची सूचना गेल्यानंतर फोन न उचलणारे मालक स्वतःहून फोन करू लागतात.

केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवरही नोंद करावी. गेल्या महिन्यात निघालेल्या सूचनांनुसार तक्रार निकाली काढण्याची मुदत 30 वरून 21 दिवसांवर आणली आहे आणि उत्तर समाधानकारक नसेल तर 30 दिवसांत तिथेच अपील करता येते. मात्र त्या पोर्टलवर फार लिहू नये. दाव्याचा क्रमांक, मागणी आणि जोडपत्रे एवढे पुरे. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो. त्यात भावाच्या विमा क्रमांकापुढे मालकाने डिसेंबर ते एप्रिल या काळात भरलेल्या नोंदी आणि दाव्याच्या फाइलवरील शेरे यांच्या प्रती मागाव्यात. सरकारी फाइलवर काय लिहिले आहे हे एकदा हातात आले की वाद कशाबद्दल आहे ते स्पष्ट होते.

एवढे करूनही लेखी नकार आला तर कर्मचारी विमा न्यायालयाचा मार्ग आहे. कोणत्या महिन्यांचे अंशदान देय होते हा वाद त्या न्यायालयाच्या अधिकारात येतो आणि कारण उद्भवल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. पण 23,000 रुपयांसाठी थेट न्यायालयात जाण्याचा सल्ला मी देणार नाही. आधीच्या पायऱ्यांवरच बहुतेक प्रकरणे सुटतात.

आता एक प्रश्न मी विचारतो. लाइन बंद करून किती जणांना काढले? हे सारे केवळ तीन महिन्यांच्या भत्त्यापुरते मर्यादित नसावे असे मला वाटते.

थोरली (17 सप्टेंबर)

दोघांचेही मनापासून आभार. निधीच्या पासबुकात मार्च 2024 पर्यंतचे पैसे जमा आहेत, हे काल रात्री पाहिले. भावाबरोबरच्या दोघांचे लॉगिनही उघडून पाहिले, त्यांच्यापुढेही डिसेंबर महिना आणि तेच कारण आहे. भावाच्या अंदाजाने लाइनवर पंधरा-सोळा माणसे होती. कारखान्यात एकूण माणसे शंभरापेक्षा कमी असावीत.

कोर्टकचेरी (17 सप्टेंबर)

मग ही औद्योगिक विवाद कायद्याखालची कामगार कपात आहे, असे मांडता येईल. वर्षभरात 240 दिवस काम केलेल्या कामगाराला कलम 25फ प्रमाणे एक महिन्याची सूचना किंवा तिचा पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचे सरासरी वेतन द्यावेच लागते. भावाला यापैकी काहीच मिळालेले नाही. सहा वर्षांची ग्रॅच्युइटीही बाकी आहे, तिचा अर्ज स्वतंत्र.

कामगार कपात सिद्ध झाली तर विमा महामंडळाकडील दुसरी योजना उघडते आणि ती पहिलीपेक्षा कितीतरी मोठी आहे. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना 2005 पासून चालू आहे. कारखाना बंद पडणे, कायद्याखालील कामगार कपात किंवा कामाबाहेर झालेल्या दुखापतीने आलेले किमान 40 टक्के कायमचे अपंगत्व, या कारणांनी नोकरी गेली तर तीत कमाल 24 महिने भत्ता मिळतो. पहिले 12 महिने सरासरी वेतनाच्या 50 टक्के, पुढचे 12 महिने 25 टक्के. त्या काळात विमाधारक आणि कुटुंबाला ईएसआयच्या दवाखान्यातील उपचारही मिळतात. एकाच कालावधीसाठी दोन्ही योजनांचा लाभ घेता येत नाही. रोजच्या 263 रुपयांच्या हिशेबाने पहिल्या वर्षातच सुमारे 96,000 रुपये होतात. म्हणजे नोंदीतील एका शब्दावर 23,000 नव्हे, याच्या कितीतरी पट रक्कम अवलंबून आहे, आणि मालकालाही ते चांगले ठाऊक असते.

म्हणून श्रम विभागाकडे समेटाचा अर्ज लगेच द्यावा. राज्याच्या श्रमायुक्तांचे मुख्यालय इंदुरातच आहे. कलम 2अ मुळे एकट्या कामगारालाही थेट विवाद उपस्थित करता येतो, संघटना असावीच लागते असे नाही. 45 दिवसांत समेट न झाल्यास श्रम न्यायालयात जाता येते आणि काढून टाकल्यापासून तीन वर्षांच्या आत जावे लागते. समेटाच्या कारवाईत मालकाकडून माणसे कमी केली असे लेखी आले, मग ते आपल्या बचावासाठी का लिहिलेले असेना, तर त्या कागदाची प्रमाणित प्रत विमा महामंडळाला द्यावी.

गिरणीपुत्र (18 सप्टेंबर)

इंदूरच्या माणसाला थकबाकी म्हटले की हुकुमचंद मिल आठवते. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली आणि कामगारांच्या देण्याचे सुमारे 224 कोटी रुपये वाटण्याचा मुहूर्त 25 डिसेंबर 2023 रोजी लागला. सुमारे 4,800 कामगारांचा तो हिशेब होता आणि त्यांतील कित्येकांच्या वतीने वारसांनीच कागदांवर सह्या केल्या. आमच्या घरात हा विषय तीस वर्षे जेवणाच्या पानावर होता, म्हणून एवढेच सुचवतो की मालकाकडचे येणे आणि विम्याचे येणे यांची सांगड घालून बसू नका. मालकाकडचे पैसे त्याची ऐपत, बँकांची कर्जे आणि न्यायालयाचा वेग यांवर अवलंबून असतात. मालमत्ता विकायची वेळ आली तर कामगाराला इतर देणेकऱ्यांबरोबर रांगेत उभे राहावे लागते. विम्याचे पैसे महामंडळाच्या निधीतून येतात आणि त्या निधीत आपल्या भावाचे 120 रुपये दरमहा जायला हवे होते. समेटाचा निकाल येईपर्यंत विम्याचा दावा थांबवू, असे कोणी सुचवले तर ऐकू नका.

कारखाना आज चालू आहे, उद्या पत्ता बदलेल. ग्रॅच्युइटी आणि 25फ चे अर्ज म्हणूनच आत्ता द्यावेत.

थोरली (21 सप्टेंबर)

शाखा कार्यालयात कलम 68 चा उल्लेख करून अर्ज दिला आहे आणि शिक्का घेतला आहे. नंदानगरची तक्रार तिघा कामगारांनी मिळून केली. समेटाचा अर्ज सोमवारी देणार आहोत. एक अडचण नव्याने निघाली आहे. भावाला पीथमपूरला ठेकेदाराकडे 1 ऑक्टोबरपासून काम मिळण्याची शक्यता आहे. ते स्वीकारले तर दावा रद्द होईल का? आईचे म्हणणे आहे की, पैसे हातात येईपर्यंत घरी बसावे.

पगारपत्रक (21 सप्टेंबर)

काम अवश्य स्वीकारावे. नवी नोकरी लागली की त्या दिवसापासून भत्ता थांबतो, पण आधी उलटलेल्या बेकारीच्या काळाचा हक्क जात नाही. अटल योजनेत बेकारीला 30 दिवस उलटले की हक्क सुरू होतो आणि दावा नोकरी गेल्यापासून एक वर्षाच्या आत भरावा लागतो. भावाचा दावा मुदतीत आहे आणि मे ते सप्टेंबर या पाच महिन्यांत 90 दिवस कधीच पूर्ण झाले आहेत. दुसऱ्या योजनेचा भत्ता मिळाला तर तो त्या महिन्यांपुरताच मिळेल. आईंना तेवढे समजावून सांगा.

नव्या ठिकाणी रुजू होताना जुनाच विमा क्रमांक द्यायचा, नवा काढू द्यायचा नाही. ठेकेदाराकडचे कारकून घाईत नवा क्रमांक काढतात, मग एकाच माणसाची दोन खाती होतात आणि चालू दाव्याची छाननी आणखी लांबते. आणि रुजू झाल्याची तारीख शाखा कार्यालयाला त्याच आठवड्यात लेखी कळवावी, म्हणजे पुढे ती लपवली असे कोणाला म्हणता येणार नाही.